'कॉन्स्पिरसी'ला कट म्हणायचं की कारस्थान?

राजारामपुरी : कॉलेजच्या फिल्म क्लबचं पत्रक लिहितोय. विषय आहे पॉलिटिकल कॉन्स्पिरसी थ्रिलर आणि त्यातलं रिप्रेझेन्टेशन. 'राजकीय षड्यंत्रपट व प्रतिनिधित्व' असं केलंय, पण वाचताना जीभ अडखळते. दुसरं काही सुचतंय का?

मंगळवार पेठ : 'कटपट' करा की! रहस्यपट, युद्धपट, तसा कटपट. फक्त कोल्हापुरात कट म्हटलं की आधी मिसळ आठवणार आणि पट म्हटलं की तालीम, तेवढं ध्यानात असू दे.

शाहूपुरी : थट्टा राहू दे, पण कट हाच आपल्याकडे रुळलेला शब्द. १९२९ चा जो खटला हिंदीत 'मेरठ षड्यंत्र केस', तो मराठीत 'मीरत कट खटला'. काकोरी, लाहोर, नाशिक, सगळीकडे कटच. षड्यंत्र मराठीला परकं नाही, पण हल्ली त्याचा जो सुळसुळाट झालाय तो हिंदी चॅनेलांमुळे, असं माझं मत.

कट आणि कारस्थान मात्र एक नव्हे. कट शिजतो, फसतो किंवा उघडकीला येतो. त्यात काम ठरलेलं असतं, माणसं मोजता येतात, म्हणून तो कोर्टात उभा राहतो. कारस्थान नुसतं चालू असतं. 'सिंहासन' (१९७९) आठवा. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो की तुमची खुर्ची हलवायचं चाललंय. मुख्यमंत्री आपले कोल्हापूरचे अरुण सरनाईक, खुर्चीवर डोळा असलेले अर्थमंत्री श्रीराम लागू. आता खुर्चीसाठी जी उठाठेव चालते तिला कुठलं कलम लावाल? ते कारस्थान.

राजारामपुरी : पटलं. पण प्रतिनिधित्वात काय चुकलं?

कसबा बावडा : चुकलं नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबताय सर. प्रतिनिधित्व म्हणजे जागा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखल्या, तो मुद्दा प्रतिनिधित्वाचा. कुणाला कसं दाखवलं, ते चित्रण. सिनेमात या दोन्हींची फारकत होते, आणि ज्यात कोणीतरी खलनायक लागतोच अशा सिनेमात तर फारच.

'द मँचुरियन कँडिडेट' (१९६२) बघा. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अमेरिकन सैनिकाची बुद्धी फिरवून त्याला मारेकरी केलेलं असतं. त्यातला कोरियन चुनजिन कोण? हेन्री सिल्वा, म्हणजे अमेरिकन नट. चिनी डॉक्टर झालेला नटही चिनी नव्हे. तिथं आशियाई माणसांचं चित्रण भरपूर, तेही काळंकुट्ट, आणि या भूमिकांपुरतं प्रतिनिधित्व शून्य! २००४ च्या नव्या आवृत्तीत परक्या देशाच्या जागी एक बडी कंपनी आली आणि नायक झाला डेन्झेल वॉशिंग्टन. केनेडींच्या हत्येवरच्या 'जेएफके'ची (१९९१) गत आणखी निराळी. समलिंगी पुरुष पडद्यावर ठळक दिसतात, पण संशय त्यांच्याचभोवती फिरतो. अमेरिकेतल्या समलिंगी संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला होता. त्या हत्येच्या कटाचा आरोप असलेल्या ज्या क्ले शॉवर सिनेमाचा रोख आहे, त्याला ज्युरीने १९६९ मध्येच निर्दोष सोडलं होतं.

मंगळवार पेठ : मग आपला 'सामना' सिनेमा कुठं बसवायचा? 'मारुती कांबळेचं काय झालं?' हे वाक्य अजून पाराकट्ट्यावर चालतंय. पण खरा सामना चालतो तो हा प्रश्न विचारणारा मास्तर आणि गावचा साखरसम्राट हिंदुराव या दोघांत. कांबळेचं हे चित्रण म्हणायचं की प्रतिनिधित्व?

कसबा बावडा : उल्लेख! चित्रणाच्याही एक पायरी खाली. प्रश्न त्याच्याबद्दल आहे, पण विचारणाराही दुसरा आणि उत्तर देणाराही दुसरा. सिनेमा जबरदस्तच आहे, त्यात वाद नाही. पण आडनाव कांबळे आहे हे गृहीत धरून आपण पुढे सरकतो, हेही खरं.

राजारामपुरी : 'राजकीय कटपट : चित्रण कुणाचं, प्रतिनिधित्व कुणाचं?' हे चालेल?

शाहूपुरी : चालेल. पण 'सिंहासन' दाखवणार असाल तर 'कट-कारस्थानांचे चित्रपट' करा, नाहीतर कट कुठाय म्हणून कोणीतरी उठेल. आणि आत कुठं षड्यंत्र लिहिलंच तर ड चा पाय मोडा. 'षडयंत्र' छापून येतं सगळीकडे, बघवत नाही.