कोरियन वाक्यं हवी आहेत, शनिवारच्या आत

रानपाखरू: पाणी द्या, तिखट नको, मांस नको, किती झाले, येतो आम्ही. एवढंच कोरियनमध्ये हवंय. अ‍ॅप दर वेळी वेगळं सांगतं. मध्येच 'दांगशिन' घालतं, कधी शेवटचा 'यो' गाळतं. बरोबर काय?

देवराई: कोणाशी बोलायचंय? 'यो' गळला की ते अरे-तुरे होतं. हॉटेलातल्या पोरगेल्या वेटरलाही 'यो' लावूनच बोलतात. 'दांगशिन' काढाच. कोशात त्याचा अर्थ 'तुम्ही' असला तरी अनोळखी माणसाला ते भांडायला आल्यासारखं वाटतं. कर्ता गाळायचा.

चोगियो (अहो, इकडे)
मुल जोम जुसेयो (पाणी द्या)
आन मेप्के हे जुसेयो (तिखट करू नका)
ओल्मायेयो (किती झाले)

निघताना 'आन्न्योंगही केसेयो'. 'आन्न्योंगही कासेयो' हे मागे राहणारा निघणाऱ्याला म्हणतो. अ‍ॅप इथे हमखास घोळ घालतं.

चिंचगूळ: देवनागरीत लिहून देऊ नका हो! 'चोगियो'तला पहिला 'ओ' ऑ-कडे झुकणारा, शेवटचा गोल. दोन्ही एकसारखे लिहिले की उच्चार गेला. हांगुल (कोरियन लिपी) शिका, मूळ व्यंजनं 14, मूळ स्वर 10.

देवराई: शनिवारपर्यंत? एवढं सांभाळलं तरी पुरे: च 'चार'मधला, 'चोर'मधला नाही. 'जुसेयो'चा ज 'जीव'मधला. आपण सवयीने 'जुना'मधला लावतो.

पाटावरवंटा: तिथे टिप देत नाहीत. आणि किंमत ऐकताना दहा हजाराला 'मान', लाखाला 'शिम्मान', म्हणजे दहा मान. 'मान ओचॉन वॉन' म्हणजे 15,000.

रानपाखरू: टिपचं नाही विचारलं. 'मांस नको' राहिलंच. आई-बाबा सोलला चाललेत, अंडंही खात नाहीत.

देवराई: हे आधी सांगायचं! नुसतं 'कोगी प्पे जुसेयो' म्हटलं तर मांसाचे तुकडे काढतील, मासळी राहील. 'कोगी'त मासे धरत नाहीत. असं म्हणा: 'कोगी, सेंगसन, हेमुल आन मोगोयो. केरानदो आन मोगोयो.' मांस, मासे, कोळंबी-शिंपले खात नाही, अंडंही नाही. सूप असेल तर 'म्योल्ची युक्सु दुरोगायो?' विचारा. सुक्या बारीक मासळीचं पाणी बऱ्याच रश्श्यांत असतं. किमचीतही बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो.

चिंचगूळ: एवढं त्या दोघांच्या तोंडी बसणार नाही. हांगुलमध्ये मोठ्या अक्षरात छापून कार्ड द्या, वेटरला दाखवायचं. बोलायला 'चोगियो' आणि 'कामसाहाम्निदा' (धन्यवाद) पुरे.

देवराई: कार्ड हवंच. पण पाणी आणि तिखटाचं वाक्य तोंडपाठ असू द्या, दर घासाला खिशात हात कोण घालणार?

रानपाखरू: कार्डच करते. बिबिम्बाप (भाज्या घातलेला कोरियन भात) चालेल का?

देवराई: चालेल. 'कोगीहागो केरान प्पे जुसेयो' (मांस आणि अंडं काढून द्या) म्हणा आणि 'गोचुजांगुन त्तारो जुसेयो', म्हणजे तिखट चटणी वेगळी द्या. काही ठिकाणी तिच्यात खिमा परतलेला असतो.