'ऑकल्ट ब्लड'ला मराठीत काय म्हणायचं? गुप्त, गूढ की आणखी काही?

पारोळेकरीण
तालुक्यातल्या आरोग्य शिबिरासाठी लॅबच्या सूचना मराठीत करून देते आहे. 'स्टूल फॉर ऑकल्ट ब्लड' इथे अडले. गेल्या खेपेला मी 'शौचातील गुप्त रक्ताची तपासणी' असं छापलं होतं. बायकांना दिलेल्या डब्या बहुतेक रिकाम्याच परत आल्या. एका आजीने पदराखालून डबी काढून माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाली, "माय, माले तसा काही रोग नही." तेव्हा लक्षात आलं. बसस्टँडपासून बाजारापर्यंत भिंतीभिंतीवर 'गुप्तरोग' रंगवलेलं असतं, आणि तोच शब्द मी त्यांच्या हातात दिला होता. फार वाईट वाटलं.
यंदा मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं तर 'जादूटोण्याचे रक्त' आलं, कारण एरवी इंग्रजीत 'ऑकल्ट' म्हणजे जादूटोणा, गूढविद्या. गुरुवारी कागद छापायला जायचाय. शब्द सुचवा.

जुनी पोथी
ताई, 'गूढ रक्त' लिहा. 'ऑकल्ट'चं मूळ लॅटिन 'ऑकुलेरे', म्हणजे झाकणे, लपवणे. त्याचं कर्मणी धातुसाधित 'ऑकल्टस', म्हणजे लपवलेलं. आपला 'गूढ'ही अगदी त्याच घडणीचा आहे: संस्कृत 'गुह्' म्हणजे लपवणे, त्यावरून गूढ. गुहा, गुह्य त्याच घरातले. 'गुप्त' मात्र 'गुप्' म्हणजे राखणे यावरून आला, त्यात रक्षणाचा भाव आधी. इतका नेमका प्रतिशब्द हाताशी असताना दुसरा शोधायचं कारण नाही.

धुळ्याचा डॉक्टर
आबा, व्युत्पत्ती मान्य. पण 'तुमच्या शौचात गूढ रक्त आहे' असं मी पेशंटला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी भगताकडे जाईल.
वैद्यकात ऑकल्टमध्ये गूढ काहीच नाही. एवढं थोडं रक्त की डोळ्यांना दिसत नाही, रंगही बदलत नाही. जुन्या पद्धतीत ग्वायक झाडाची राळ लावलेल्या कागदावर शौचाचा पातळ थर देतात, वरून पेरॉक्साइडचे थेंब टाकतात. रक्तातला हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, असेल तर कागद निळा होतो. १८६४ पासूनची ही युक्ती. नव्या तपासणीत माणसाच्या हिमोग्लोबिनलाच धरणारी प्रतिपिंडं वापरतात, त्यामुळे आदल्या दिवशी मटण किंवा मुळा खाल्ल्याने घोटाळा होत नाही. शौच डांबरासारखं काळं झालं तर ते ऑकल्ट नव्हे, ते उघड रक्त. तेव्हा डबीची वाट न पाहता दवाखान्यात यायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून गोळ्या चालू आहेत का तेही कागदावर विचारा.
एक्स-रेत न दिसणाऱ्या फ्रॅक्चरलाही आम्ही ऑकल्ट फ्रॅक्चर म्हणतो. तिथे 'गूढ हाड' लिहिणार का?

रावेरचा केळीवाला
मला वाटायचं ऑकल्ट हा 'कल्ट'वरूनच आला असणार. पंथ, बाबा, दीक्षा, मंत्र, सगळं एकाच गोतावळ्यातलं.

जुनी पोथी
नाही भाऊ, तो वेगळा धातू. 'कल्ट' हा 'कोलेरे'चा, म्हणजे जमीन कसणे, जोपासणे, आणि पुढे देवाची सेवा करणे. तुमच्या ट्रॅक्टरमागचा कल्टिव्हेटर हा 'कल्ट'चा सख्खा भाऊ आहे. ऑकल्टशी त्याचं नातं नाही.

रावेरचा केळीवाला
हे आज कळलं. रोज कल्टी मारतो शेतात आणि मूळ माहीत नव्हतं.

चाळीसगावकर
खगोलात या धातूला आधीच चांगला मराठी शब्द आहे आणि तो कुणाला आठवत नाही: पिधान. चंद्र ताऱ्याच्या आड आला की ताऱ्याचं पिधान झालं म्हणतात, इंग्रजीत ऑकल्टेशन. पिधान म्हणजे झाकण. १९७७ च्या मार्चमध्ये युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, ते पिधान पाहायला दुर्बिणी लावल्या होत्या. ग्रह आड येण्याच्या आधीच तारा अनेकदा क्षणभर मंदावला, नंतर पुन्हा तसाच. त्यावरून युरेनसला कडी आहेत हे कळलं. झाकल्यामुळे दिसलं! आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या मातीत 'पिधान' परका वाटायला नको. 'पिहित रक्त' लिहून पाहा.

गिरणाकाठ
'पिहित' वाचून त्या आजी डबी उघडणारसुद्धा नाहीत. सरळ 'न दिसणारं रक्त' लिहा. अहिराणीत तर लपण्याला सुंदर शब्द आहे, दपनं. 'चुल्हाना मांगे मांजर दपनी.' लपलेलं ते दपेल. माझी आई 'दपेल' म्हणाली की त्यात भीती नसायची, लाजही नसायची. फक्त शोधायला हवं, एवढंच.

सातपुड्याची लेक
गूढ शब्दाला माझा विरोध आहे आणि तो भाषेपुरता नाही. आमच्या डोंगरात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या गोष्टी मी घरात ऐकत वाढले. दोन मुलं आजारी पडली, पाऊस हुकला, की बोट एका बाईकडे. त्या वस्तीवर 'गूढ' आणि 'रक्त' एका ओळीत छापलेला कागद नेऊ नका. हात जोडून सांगते.
लोक स्वतः या विषयाला काय म्हणतात ते बघा. 'हिला बाहेरचं आहे', 'बाहेरची बाधा'. लॅटिनमध्ये आत लपलेलं, आपल्याकडे बाहेरून आलेलं! आणि 'करणी'. करणे यावरून करणी, संस्कृतात कृत्या, तोच 'कृ' धातू. कुणीतरी केलंय, हा आरोप शब्दातच बसलेला आहे.

जुनी पोथी
ताई, करणीचं फार खरं. पोर्तुगीजांचा टोण्यासाठीचा शब्दही 'केलेलं' याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचाच पुढे इंग्रजीत 'फेटिश' झाला.
पण वापर बिघडला म्हणून चांगला शब्द टाकायचा का? 'अघोर' म्हणजे भयंकर नसलेला, शिवाचं सौम्य नाव. आज 'अघोरी' म्हणजे नेमकं उलट, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावातही तोच उलटा अर्थ. असंच सोडत गेलो तर हातात काय उरेल?

धुळ्याचा डॉक्टर
आबा, 'ऑकल्ट'सुद्धा असाच घसरला. लोहचुंबक लोखंड ओढतं, कारण दिसत नाही, म्हणून त्याला 'ऑकल्ट गुण' म्हणायचे. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर लायब्निझने हाच ठपका ठेवला होता. परिणाम दिसतो, कारण झाकलेलं. वैद्यकाने तो जुना, स्वच्छ अर्थ जपला. रक्त कमी होत जातं, बाई दमते, नखं पांढरी पडतात, आणि गळती कुठे ते दिसत नाही. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या आतड्यात आकडीकृमी (हुकवर्म) असतात, हेही त्यातलं एक कारण.

पारोळेकरीण
सगळ्यांचे आभार. कागद आज दिला. वर मोठ्या अक्षरांत 'डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधण्याची तपासणी'. लोहाच्या गोळ्यांचा प्रश्न घातला आहे. अहिराणीत एक ओळ हवी होती, पण 'दपेल रगत' की 'दपेल रंगत' यावर छापखान्यातच दोघांचं जुंपलं.

जुनी पोथी
'न दिसणारं' हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे. 'गूढ'वर मी ठाम आहे.
पण 'दपनं' डोक्यातून जात नाही. प्रमाण मराठीतल्या 'दडपणे'शी त्याचं नातं असावं का? 'दडणे'चं काय?

गिरणाकाठ
आमच्याकडे 'दपाडनं'ही आहे, लपवून ठेवणे. आईला आज रात्री विचारतो.