जुन्या पुरुष क्वार्टेटच्या ख्रिस्ती गीतांत चाल मधल्या आवाजात का असते?

प्रश्न : चर्चचा बास
ख्रिस्तात सलाम. आमच्या मंडळीत यंदा नाताळच्या उपासनेत आम्ही चौघे पुरुष वाद्यांच्या साथीविना दोन गीते गाणार आहोत. त्या तयारीसाठी मी अमेरिकेतील हायडन क्वार्टेट या चौघा पुरुष गायकांच्या संचाची शंभर वर्षांहून जुनी ध्वनिमुद्रणे ऐकत आहे; त्यांत १९०५ मध्ये विक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी गायलेले ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीतही आहे. आमच्या गीतपुस्तकात चाल नेहमी सर्वांत वरच्या ओळीत असते, परंतु या चौघांचे गाणे ऐकताना वरचा आवाज भलतेच काही गातो आणि ओळखीची चाल मधूनच कुठूनतरी येते. शिवाय बासचा आवाज, म्हणजे माझ्याप्रमाणे सर्वांत खालची ओळ गाणाऱ्याचा आवाज, फार पातळ वाटतो, ‘सायलेंट’मधला ‘स’ मला ‘फ’सारखा ऐकू येतो, आणि पेटीवर सूर धरू गेलो तर तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी सापडतो. यात गाण्याची पद्धत किती आणि यंत्राचा परिणाम किती, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर : दुसरा टेनर
चालीपुरते सांगतो, कारण अनेक वर्षे मी तीच ओळ गात आलो आहे. गीतपुस्तकातील चार ओळी स्त्री-पुरुषांच्या मिश्र गायकवृंदासाठी लिहिलेल्या असतात आणि तेथे चाल सोप्रानोकडे, म्हणजे सर्वांत उंच स्त्री-आवाजाकडे असते. चारही पुरुष असतील तेव्हा दोन उंच पुरुष-आवाजांपैकी खालच्याकडे, म्हणजे दुसऱ्या टेनरकडे चाल देण्याचा प्रघात आहे; पहिला टेनर तिच्या वरून हलक्या आवाजात संवादी स्वर गातो, बॅरिटोन, म्हणजे टेनर आणि बास यांच्या मधला आवाज, उरलेली जागा भरतो आणि बास पाया धरतो. हायडन क्वार्टेटमध्ये अनुक्रमे जॉन बीलिंग, हॅरी मॅकडोनो, एस. एच. डडली आणि विल्यम हूली असे चौघे होते, म्हणून मॅकडोनोचा आवाज शोधलात की चाल सापडेल. हेच गायक एडिसन कंपनीच्या सिलिंडरांवर, म्हणजे तबकडीऐवजी नळकांड्यावर केलेल्या ध्वनिमुद्रणांवर, ‘एडिसन मेल क्वार्टेट’ या नावाने आढळतात, तेव्हा नाव वेगळे दिसले तरी ती ध्वनिमुद्रणे सोडू नका.

तुम्ही पुस्तकातल्या चार ओळी जशाच्या तशा पुरुषांना वाटून दिल्या असतील, तर मला वाटते तुमची खरी अडचण तेथेच आहे. सोप्रानोची ओळ एक सप्तक खाली आणली की चाल पहिल्या टेनरकडे जाते, आणि इतर ओळी तिच्या खाली इतक्या दाटीने बसतात की खर्जात नुसता गलका होतो. त्याऐवजी चाल मध्ये ठेवा, आल्टोची, म्हणजे खालच्या स्त्री-आवाजाची ओळ खाली न आणता मूळ सप्तकातच पहिल्या टेनरला वर द्या आणि त्याला जोर न लावता गायला सांगा.

उत्तर : तबकडीप्रेमी
‘स’ आणि बास या दोन्हींचे उत्तर ध्वनिमुद्रण यंत्राच्या कर्ण्यात आहे. १९२५ पर्यंत व्यापारी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन जवळजवळ नव्हताच. गायक कर्ण्याच्या तोंडाशी डोक्याला डोके लावून उभे राहत. त्यांच्या आवाजाच्या जोरानेच पडदा कंप पावे आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरत जाई. या यंत्रणेला साधारण २०० ते २,५०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, एवढाच पट्टा बऱ्यापैकी पकडता येई. ‘स’चा बहुतेक नाद ४,००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणून तो मेणापर्यंत पोहोचतच नसे आणि मागे केवळ फुंकर उरे. बासचा खालचा जी स्वर सुमारे ९८ हर्ट्झचा आहे; त्याचा मूळ नाद तबकडीवर जवळजवळ नाहीच, आपण ऐकतो ते त्याच्यासोबत उमटणारे वरचे उपस्वर, आणि उरलेला खर्ज आपला कान स्वतःच जोडून घेतो. हूलीचा आवाज पातळ होता असा ग्रह कृपया करून घेऊ नका.

इतकी गीते चौघांनीच का गायली, याचेही कारण हेच. मोठा गायकवृंद एका कर्ण्यापुढे मावत नसे आणि मागच्या रांगांचा आवाज विरून जाई. चौघांचे शब्द मात्र स्वच्छ उमटत. मायक्रोफोन येताच चित्र कसे पालटले ते पाहा : ३१ मार्च १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीने शेकडो पुरुषांच्या एकत्रित गायनाचे ‘आदेस्ते फिदेलेस’ हे नाताळगीत ध्वनिमुद्रित केले आणि त्यात श्रोत्यांचेही आवाज मिसळले.

सुराबाबत म्हणाल तर त्या काळच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पेटीचा स्वर धरून वेग कमी-जास्त करत जा. आवाज माणसांसारखे, मोकळ्या छातीचे वाटू लागले की थांबा.

उत्तर : वाचक, पुणे
एक कळकळीची विनंती आहे की केवळ हायडन क्वार्टेटवर थांबू नये. १९०२ मध्ये व्हर्जिनियातील डिनविडी कलर्ड क्वार्टेट या कृष्णवर्णीय गायकांच्या संचाने विक्टरसाठी सहा एकतर्फी तबकड्या गायल्या, आणि डिसेंबर १९०९ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील चौघांनी, जॉन वेस्ली वर्क यांच्या नेतृत्वाखाली, ‘स्विंग लो, स्वीट चॅरिअट’ ध्वनिमुद्रित केले. गुलामगिरीत जन्मलेली ही भक्तिगीते आहेत. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, ही तऱ्हा आपल्या कीर्तन-भजनावर वाढलेल्या कानाला लगेच जवळची वाटते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’वर विक्टरची जुनी ध्वनिमुद्रणे विनामूल्य ऐकता येतात.

प्रश्नकर्ता : चर्चचा बास
सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल सरावाला आम्ही आल्टोची ओळ वर नेली आणि चाल दुसऱ्या टेनरकडे दिली. पहिल्या कडव्यात आमचा पहिला टेनर सवयीने दोनदा चालीवर घसरला, पण तिसऱ्या खेपेला तो हलकेच वर राहिला आणि इतके दिवस मला सापडत नसलेला माझा खालचा स्वर अलगद जागेवर बसला. नंतर चौघांनी फिस्कचे गाणे दोनदा ऐकले, आणि दुसरे गीत कोणते घ्यावे याचा निर्णय आता रविवारच्या सरावापर्यंत पुढे ढकलला आहे.