इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स ५-स्पीड: पुढची ड्राइव्ह कायमची बंद करायची आहे. सेंटर डिफ वेल्ड करू की स्पूल टाकू?

चारचे_दोन

गाडी २००३ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, मुळात चारही चाकांना ताकद देणारी, ईजे२०५ इंजिन, ५-स्पीड मॅन्युअल, मागे आर१६० डिफ (डिफरेन्शियल) आणि व्हिस्कस एलएसडी (एकटंच चाक फिरू न देणारी यंत्रणा). इंजिन स्टॉक. वापर फक्त बंद ट्रॅकवर, मागची चाकं सोडवत चालवण्यासाठी.

पुढचे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढायचे हे नक्की आहे. सेंटर डिफ (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये ताकद वाटणारा) आहे तसाच ठेवून चालेल का? नसेल तर वेल्ड की स्पूल (डिफच्या जागी बसणारा, दोन्ही बाजू कायम जोडणारा तुकडा)? पुढचा डिफ गिअरबॉक्समध्येच असतो, त्याचं काय करायचं? आणि आर१६० टिकेल का?

डिफवाला

सेंटर डिफ तसाच ठेवलात तर गाडी जेमतेम सरकेल, आणि तीही थोडाच वेळ. कारण असं. या गिअरबॉक्समध्ये ताकद पोकळ शाफ्टमधून मागच्या टोकाला असलेल्या सेंटर डिफमध्ये जाते. तिथून एक फाटा त्याच पोकळ शाफ्टच्या आतल्या पिनियनमधून परत पुढे, पुढच्या डिफकडे येतो. दुसरा फाटा ट्रान्सफर गिअरमधून मागच्या डिफकडे जाणाऱ्या प्रॉप शाफ्टला जातो. सेंटर डिफ बेव्हल गिअरचा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देणार. पुढची बाजू मोकळी फिरायला लागली की तिथला टॉर्क शून्य, म्हणून मागचाही जवळपास शून्य. मागे जे काही पोहोचेल ते फक्त सेंटर डिफला जोडलेल्या, सिलिकॉन भरलेल्या व्हिस्कस कपलिंगच्या घसटीतून. त्या घसटीने आतलं सिलिकॉन तापतं, फुगतं, आणि मग कपलिंग एकतर जाम होतं किंवा सील सोडतं. सेंटर लॉक करावाच लागेल.

वेल्ड की स्पूल, तर स्पूल. वेल्ड करायचा तर आधी व्हिस्कस कपलिंग वेगळं काढा. सिलिकॉन भरलेल्या बंद डब्याजवळ वेल्डिंगची उष्णता नेणं धोक्याचं आहे. शिवाय स्पायडर गिअर (डिफच्या आतले छोटे गिअर) कठीण केलेल्या पोलादाचे असतात. वेल्डच्या कडेला ते ठिसूळ होतात आणि क्लच झटक्यात सोडला की तिथेच तडा जातो. तुटलेला तुकडा कुठे जातो याचा विचार करा: या गिअरबॉक्समध्ये गिअर, सेंटर डिफ आणि पुढचा डिफ तिघांना एकच ऑइल आहे.

स्पूलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. ऑइल काढा, एक्झॉस्टचा मधला भाग, प्रॉप शाफ्ट आणि क्रॉसमेंबर सोडा, गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार द्या, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मागचं हाउसिंग काढा. शिफ्टर आर्म आतल्या रेल्सवरून बाजूला झाल्याशिवाय हाउसिंग मागे येत नाही. अडलं तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमच्या जोडावर एक ओरखडा पडला तरी तिथून ऑइल पाझरत राहतं. जुन्या डिफबरोबरचे थ्रस्ट वॉशर आणि शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) कुठल्या बाजूचे ते खूण करून ठेवा. स्पूलची उंची मूळ डिफशी मोजून जुळवा आणि शिम त्याप्रमाणे घ्या, जुनेच परत टाकू नका. भरताना ७५डब्ल्यू-९०, जीएल-५, सुमारे ३.५ लिटर.

बॉक्सर_बेअरिंग

पुढच्या बाजूचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

ड्राइव्ह शाफ्ट पूर्ण काढून हब मोकळा ठेवायचा नाही. हबच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकत्र दाबून धरायचं काम बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं (ड्राइव्ह शाफ्टच्या वळू शकणाऱ्या सांध्याचं) टोक आणि त्यावरचा नट करतात. ते टोक नसेल तर बेअरिंग काही किलोमीटरमध्ये ढिलं होतं आणि चाक डगमगू लागतं. म्हणून शाफ्ट टेबलावर घ्या, बूट कापा, बाहेरच्या जॉइंटमधले बॉल आणि केज काढा, आणि उरलेली वाटी हबमध्ये परत बसवा. वाटीतलं ग्रीस पूर्ण पुसा, नाहीतर ते फिरताना ब्रेक डिस्कवर उडतं. नट नवीन घ्या, ३२ मिमीचा सॉकेट लागेल. टॉर्क वर्षानुसार १९० ते २२० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात येतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या, आणि शेवटी नटाची कड खाचेत ठोका. नंतर पुढून घूं-घूं आवाज आला तर आधी हा नट तपासा.

गिअरबॉक्सच्या बाजूला दोन प्रकार सापडतात. एकात गिअरबॉक्समधून स्टब बाहेर आलेला असतो आणि आतला जॉइंट त्यावर रोल पिनने बसतो. पिन ठोकून काढा, जॉइंट ओढा, स्टब आणि ऑइल सील जागेवरच राहतात, आणखी काही करायला नको. दुसऱ्या प्रकारात जॉइंटचंच टोक डिफमध्ये घुसलेलं असतं. तो शाफ्ट ओढला की भोक उघडं पडतं आणि ऑइल वाहून जातं. तिथे आतल्या जॉइंटची रिकामी वाटी परत बसवा किंवा मापाचा प्लग लावा. काम सुरू करण्याआधी गाडीखाली जाऊन आपला प्रकार कोणता ते बघा.

पुढच्या डिफला हात लावू नका. क्राउन व्हील काढायचं तर गिअरबॉक्स उतरवून केसचे दोन्ही अर्धे उघडावे लागतात, आणि वेगाचा सेन्सर त्याच पुढच्या डिफवरून फिरतो. डिफ काढला की स्पीडोमीटर बंद आणि ईसीयूलाही (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वेगाचा सिग्नल नाही. सेंटर लॉक असताना तो डिफ भाराविना नुसता फिरतो, त्याचा ओढा नगण्य आहे.

टॉर्करेंच

आर१६० टिकणार नाही. हिशोब सरळ आहे: इंजिनचा टॉर्क २९४ न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.४५४, फायनल ड्राइव्ह ३.९०, म्हणजे चाकांवर एकूण ३९६० न्यूटन-मीटर. आधी मागच्या प्रत्येक शाफ्टवर ९९० येत होते, आता १९८०. प्रॉप शाफ्टवरही ५५८ चे १११७ होणार. सगळ्या मागच्या भागावर दुप्पट भार, त्यामुळे आर१८० (त्याहून मोठा, मजबूत डिफ) शिवाय सुरुवातच करू नका.

डिफवाला

हा हिशोब कागदावर बरोबर आहे, पण टायर तेवढा टॉर्क घेऊच शकत नाही. गाडी १४०० किलो धरा. इंजिन पुढच्या ॲक्सलच्या पुढे लटकलेलं, त्यामुळे मागे ढोबळमानाने ४० टक्के वजन. व्हीलबेस २५२५ मिमी, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरली, पकड १.० धरली, तर वेग घेताना मागे सरकणारं वजन मिळवूनही मागची चाकं गाडीच्या वजनाच्या साधारण निम्मं बळ लावू शकतात, म्हणजे ६८७० न्यूटन. टायरची त्रिज्या ०.३१ मीटर, म्हणजे एकूण २१३० न्यूटन-मीटर आणि एका शाफ्टवर १०६५. आधीच्या ९९० पेक्षा जेमतेम साडेसात टक्के जास्त. त्यापुढे टायर सुटतो. याच कारणाने ५-स्पीडचे नाजूक गिअरही मागच्या ड्राइव्हवर कमी मोडतात. चारही चाकं पकडून बसली की झटका गिअरवर येतो, इथे तो टायर खाऊन टाकतो.

आर१६० मोडतो तो स्थिर भाराने नाही, झटक्याने. चाक सुटून फिरत असताना कोरड्या किंवा उंच कडेवर अचानक पकड मिळणं, आणि मागचं चाक उड्या मारणं, हे दोन त्याचे खरे शत्रू. उडी सुरू झाली की त्याच क्षणी पाय उचला. मागच्या सबफ्रेमचे आणि डिफ माउंटचे रबर बुश पिचलेले असतील तर ते आधी बदला, उड्यांचं मूळ बहुतेक तिथेच असतं. प्रॉप शाफ्टचे क्रॉस हलवून बघा, थोडाही खुळखुळ असेल तर शाफ्टच बदला. हे क्रॉस ठोकून बसवलेले असतात, सर्क्लिप काढून बदलण्यासारखे नाहीत.

स्टॉक इंजिनवर आर१६० ने सुरुवात करायला हरकत नाही. बदलायचा असेल तर आधी आतला एलएसडी बदला. व्हिस्कस एलएसडी मागची चाकं सतत सोडवली की तापून मऊ पडतो आणि मग एकच चाक फिरतं. प्लेटचा, दीड-वे (पाय उचलल्यावर कमी पकडणारा) किंवा टू-वे (दोन्ही वेळी सारखा पकडणारा) घ्या. मागच्या डिफमध्ये ०.८ लिटर ऑइल बसतं, प्लेट एलएसडीला लागणारं वेगळं घ्या आणि लवकर बदला.

टॉर्करेंच

पकडीची मर्यादा मी धरली नव्हती, मान्य. चिकट ट्रॅक टायर लावले की मात्र ती मर्यादा वर सरकते, तेव्हा आर१८० चा विचार करावाच.

चारचे_दोन

स्पूल नक्की केला. एसटीआयचा (याच गाडीच्या जास्त ताकदीच्या प्रकाराचा) आर१८० मिळतोय, रेशो ३.९०. माझ्या गाडीचाही फायनल ३.९० च आहे, म्हणजे सरळ बसेल ना?

बॉक्सर_बेअरिंग

नाही, इथे फसगत होते. तुमचा ३.९० हा पुढच्या डिफचा आकडा. मागच्या आर१६० वर ३.५४५ लिहिलेलं असेल, कारण ट्रान्सफर गिअरच १.१ चा आहे: ३.५४५ गुणिले १.१ म्हणजे ३.९०. त्याच गिअरबॉक्समागे ३.९० चा आर१८० लावलात तर एकूण ४.२९ होतो.

पुढची चाकं जोडलेली असती तर हे चाललंच नसतं, सेंटर डिफ सतत झगडत राहिला असता. आता मागे कोणताही रेशो चालतो. ४.२९ ने प्रत्येक गिअर १० टक्के आखूड होईल, बारीक वळणांच्या ट्रॅकवर ते सोयीचंच आहे. पण वेगाचा सेन्सर पुढच्या ३.९० वरूनच मोजणार, म्हणून स्पीडोमीटर १० टक्के जास्त दाखवेल. खरा वेग १०० असताना काटा ११० वर.

आर१८० घेताना नुसतं हाउसिंग घेऊ नका. त्याचे दोन्ही हाफ शाफ्ट, मागचं माउंट आणि प्रॉप शाफ्टच्या फ्लँजच्या बोल्टांमधलं अंतर आधी मोजा. शाफ्टचं बाहेरचं टोक तुमच्या हबच्या स्प्लाइनला बसतं का ते पैसे देण्याआधी हातात धरून बघा.

डिफवाला

दोन गोष्टी राहिल्या. अंडरस्टिअर (वळणात गाडीचं नाक बाहेर सरकणं) कमी करायला मागे जाड अँटी-रोल बार टाकला असेल तर तो काढून आधी बारीक बार लावा, नाहीतर वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक उचलून निकामी होईल. मागचा टो (वरून बघताना चाकांचा आत-बाहेर कोन) शून्य किंवा किंचित आत, प्रत्येक चाकाला ०.१ अंशाच्या आसपास. आणि इंजिन ब्रेकिंग आता फक्त मागच्या चाकांवर येतं. वळणात खालचा गिअर टाकताना आरपीएम जुळवा, नाहीतर क्लच सोडताच मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते.

स्पूल आत असताना पुढचे शाफ्ट परत जोडू नका. पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाने बांधला जातो, कोरड्या रस्त्यावर वळताना सगळी पिळवणूक ट्रान्सफर गिअर आणि शाफ्टवर येते. परत चारही चाकांवर जायचं ठरलं तर आधी मूळ सेंटर डिफ बसवा, आणि मागे वेगळ्या रेशोचा डिफ टाकला असेल तर तोही ३.५४५ चा करा. म्हणून काढलेला सेंटर डिफ शिमसकट ऑइल लावून, पिशवीत बांधून ठेवा.