आपण बांधलेलं विमान पहिल्यांदा आपणच उडवावं का?

आडवावारा (धागाकर्ता):

आठ वर्षं झाली, एक दोन आसनी विमान बांधतोय. किटवरून, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं. दहा हजारांच्या वर रिव्हेट मारून झाले. त्यातले किती ड्रिलने काढून परत मारले ते विचारू नका. आता काउलिंग (इंजिनावरचं पत्र्याचं झाकण) बसवणं आणि कागदपत्रं एवढंच उरलंय. परवा एका मित्राने विचारलं, "मग कधी उडवतोस?" म्हटलं, "पहिल्यांदा मी नाही, दुसरा कोणीतरी उडवेल." पोराचं नाव शेजाऱ्यांना ठेवायला सांगितल्यासारखा बघत राहिला माझ्याकडे.

पण माझं मत पक्कं आहे. आपण बांधलेलं विमान पहिल्यांदा आपण उडवू नये.

एक तर हात बसलेला नसतो. विमान बांधणारा माणूस विमान उडवत नाही, तो रिव्हेट मारत बसतो. गेल्या वर्षभरात माझ्या लॉगबुकात अकरा तास पडलेत, तेही क्लबच्या सुस्त, गरीब स्वभावाच्या विमानावर. या नव्या यंत्राचा स्वभाव अजून कुणालाच माहीत नाही.

दुसरं म्हणजे माया. झेप घेतल्यावर तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं, तर उत्तर एकच असतं: नाक खाली घाला आणि समोर जे असेल तिथे उतरा. शेत असो, झुडपं असोत. विमान मोडलं तर मोडलं. आठ वर्षं जे घासूनपुसून चकाचक केलं ते मोडायला हात धजेल? तो हात धावपट्टीकडेच वळणार. उंची न सोडता साठ अंश कलून वळलं तर भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल सुटते तो वेग, ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान अशा वळणात ७० लाच हात टेकतं. आणि तीनशे फुटांवर हात टेकले की सावरायला जागा नसते.

आणि शेवटचं: आपल्याच लिखाणातली चूक आपल्याला दिसत नाही, तसंच हे. आपण काय केलं ते दिसत नाही, काय करायचं होतं ते दिसतं.

रिव्हेटराव:

साफ असहमत. मी माझं विमान स्वतः उडवलं, आणि दुसऱ्याने उडवलं असतं तर बहुधा मोडून आणलं असतं.

नवं इंजिन सुरुवातीला जोरात चालवावं लागतं, नाहीतर पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत. जोरात चालवलं की तापतं. आठव्या मिनिटाला माझ्या तीन नंबरच्या सिलिंडरचं तापमान चढायला लागलं, बाकी तिघं शांत. मला त्याच क्षणी कळलं. त्या सिलिंडरमागचा हवा अडवणारा पत्रा मी बोटभर आखूड कापला होता आणि फटीत सीलंट भरून वेळ मारून नेली होती. ते सीलंट सुटलं असणार. पॉवर थोडी कमी केली, नाक जरा खाली घेऊन वेग वाढवला, काटा थांबला, मोठा फेरा मारून उतरलो. परक्या वैमानिकाला फक्त लाल काटा दिसला असता. तो घाबरून काय करता, देव जाणे.

दुसरं, या छंदाचा जन्मच "आपण बांधा, आपण उडवा" यातून झालाय. राइट बंधू, ब्राझीलचा सांतोस-द्युमाँ, फ्रान्सचा आँरी मिन्ये, सगळ्यांनी आपापलं उडवलं. अमेरिकेत नियमच असा आहे की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधलेला हवा. शिक्षण माझं आणि परीक्षेला बसणार भाड्याचा माणूस?

तिसरा_पंख:

रिव्हेटराव, बाकी सगळं ठीक, पण मिन्येचं नाव तुम्ही चुकीच्या बाजूने घेतलंत. :)

त्याचं 'पू-द्यू-स्येल', म्हणजे आकाशातली ऊ, १९३३ मध्ये उडालं. एकामागे एक असे दोन पंख, एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, पायात रडरचे (शेपटीतल्या सुकाणूचे) पेडल नाहीत. वैमानिकाच्या हातातली काठी पुढेमागे केली की पुढचा पंखच कलायचा. ज्याला लाकडी पेटी ठोकता येते त्याला हे बांधता येईल, असा त्याचा दावा. त्याचं पुस्तक वाचून युरोपभर लोकांनी घरोघरी ठोकायला घेतलं आणि मग माणसं मरायला लागली. १९३६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये वाऱ्याच्या बोगद्यात तपासणी झाली तेव्हा कारण कळलं. नाक ठरावीक मर्यादेखाली गेलं की दोन पंखांमधल्या फटीतली हवा मागच्या पंखाची उचल वाढवायची आणि नाक अजूनच खाली. काठी पोटापर्यंत ओढली तरी वर यायचं नाही.

आता मुद्दा असा, की मिन्ये स्वतः ते मजेत उडवत होता! बांधणाऱ्याने उडवून दाखवलं यातून काहीच सिद्ध झालं नाही. विमान ज्या कोपऱ्यात मारकं होतं त्या कोपऱ्यात तो बहुधा कधी गेलाच नाही.

आणि राइट बंधूंचं म्हणाल तर १९०२ मध्ये त्यांनी ग्लायडरवर शेकडो झेपा घेतल्या, १९०३ मध्ये इंजिन लावलं. आडवावारा यांचे वर्षाला अकरा तास.

कुंपणावरचा:

+१. सांतोस-द्युमाँने आपल्या 'देम्वाझेल' विमानाचं पेटंटही घेतलं नव्हतं, आराखडे सगळ्यांना खुले. त्या काळी मरणही खुलं होतं, तो भाग कुणी सांगत नाही.

अल्टिमीटर:

दोघांनाही एक गोष्ट दिसत नाहीये. 'पहिलं उड्डाण' कुणाचं? विमानाचं की तुमचं?

गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात माँटरे उपसागरात कोसळून गेला. विमान लाँग-ईझी, बर्ट रुटानचा गाजलेला आराखडा. डेन्व्हरने ते बांधलं नव्हतं, बांधून वापरलेलं विकत घेतलं होतं, आणि त्याच्यासाठी ते नवंकोरंच होतं. आराखड्यात इंधनाची टाकी बदलायची झडप वैमानिकाच्या दोन पायांच्या मधे आहे. बांधणाऱ्याला कॉकपिटमध्ये इंधनाच्या नळ्या नको होत्या, म्हणून त्याने ती डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेली. तिथे हात पोचवायला पट्ट्यात अडकलेलं सगळं अंग वळवावं लागतं. एकदा खुर्चीत बसून करून बघा: डाव्या खांद्यामागे हात घालताना उजवा पाय आपोआप ताठ होतो, आणि त्या पायाखाली असतो रडरचा पेडल. चौकशीचा निष्कर्ष जवळपास हाच निघाला. शिवाय इंधन कमी, झडपेवर नीट खुणा नाहीत आणि त्या विमानाचं पुरेसं प्रशिक्षण नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांच्याकडच्या खासगी-हौशी विमानांत ही साधारण १० टक्के, पण २०११ च्या जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. आणि त्या वर्षी अपघात झालेल्या अशा विमानांपैकी निम्म्याहून जास्त विकत घेतलेली, म्हणजे उडवणारा बांधणारा नव्हताच.

तेव्हा आडवावारा, तुमचा भाडोत्री शूर वैमानिक पहिलं उड्डाण करून, टाळ्या घेऊन घरी जाईल. दुसऱ्या दिवशी त्याच अकरा तासांचे तुम्ही त्याच विमानात बसाल. धोका टळला कुठे? एक दिवस पुढे गेला.

आडवावारा:

ताई, हा फटका बसला. मी विमानाचाच विचार करत होतो, स्वतःचा केलाच नव्हता. तरीही मत सोडत नाही, फक्त त्यात भर घालतो: त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात शिक्षकाबरोबर आधी दहा-पंधरा तास काढायचे आणि मगच आपल्या विमानात बसायचं. अमेरिकेत २०१४ पासून काही अटींवर नव्या विमानाच्या सुरुवातीच्या चाचणी-उड्डाणांच्या काळातही बरोबर दुसरा अनुभवी वैमानिक नेता येतो. त्याआधी चाचणीचे तास बहुतेकांना एकट्यानेच काढावे लागायचे. ही सोय मला सगळ्यात पटते. तो उडवेल, मी काटे बघेन. तीन नंबरचा सिलिंडर तापला तर तिथल्या तिथे ओरडेन, रिव्हेटरावांची हरकत संपली.

जमिनीवरचा:

म्हणजे न तपासलेल्या यंत्रात एकाच्या जागी दोघं. वा.

रिव्हेटराव:

संपली नाही हरकत. उड्डाणाच्या आधीचं काय? मी विमानाचं नाक चढाईच्या कोनापर्यंत उचलून धरलं, कार्ब्युरेटरजवळ नळी सोडली, पंप चालू केला आणि घड्याळ लावून डब्यात इंधन मोजलं. पूर्ण पॉवरला इंजिन जितकं पितं त्याच्या सव्वापट आलं पाहिजे. पंपाशिवाय, नुसत्या उतारावर येणार असेल तर दीडपट. पहिल्या वेळी भरलंच नाही, एका सांध्यात सीलंटचा बोळा अडकला होता. हे तुमचा पाहुणा वैमानिक करणार? तो हेल्मेट घालून येतो आणि विचारतो, "निघायचं?"

जुनापतंग:

मी आडवावारा यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. माझं लाकूड-कापडाचं, केबलवाल्या एलेरॉनचं. काठी सगळीकडे मोकळी फिरते का, हे मी किमान वीसेक वेळा तपासलं होतं. यादीत बरोबरची खूण, सही, तारीख, सगळं. एक ओळखीचे गृहस्थ सहज म्हणून बघायला आले, आत बसले. काठी धरली, अंगठा वर ठेवला आणि डावीकडे नेली. मग बराच वेळ डाव्या पंखाकडे बघत राहिले.

"हा खाली का जातोय हो?"

काठी ज्या बाजूला नेली तिकडचा एलेरॉन वर उठला पाहिजे, म्हणजे उभा अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा. माझा खाली जात होता. केबल उलट्या जोडल्या होत्या मी. वीस वेळा तपासलं ते हलतात का, कुठल्या बाजूला हलतात हे एकदाही नाही. जमीन सुटल्यावर उजवीकडचा पंख पडला असता, मी काठी डावीकडे नेली असती आणि तो अजून पडला असता.

त्या दिवशी रात्री जेवलो नाही.

ईएएमध्ये (घरी विमान बांधणाऱ्यांची १९५३ सालची संघटना) टेक्निकल काउन्सेलर असतात, बांधताना येऊन बघतात. फ्लाइट अ‍ॅडव्हायझरही असतात, ते उडवून देत नाहीत, तुम्ही उडवण्याच्या लायकीचे आहात का हे तुमच्याच तोंडून वदवून घेतात. मी दोन्हीपैकी कुणालाही बोलावलं नव्हतं. का? तर कोणी चुका काढेल म्हणून.

अल्टिमीटर:

या शेवटच्या वाक्यावर वेगळा धागा काढा.

रिव्हेटराव:

जुनापतंग, हे वाचून आत्ता खाली जाऊन माझी काठी हलवून आलो. चार वर्षं उडतंय विमान, तरीही. :(

मत बदललेलं नाही. तपासायला गाव गोळा करा, उडवायला स्वतः बसा, असं माझं म्हणणं. पण आडवावारा, काउलिंग लागलं की कळवा. वजन आणि गुरुत्वमध्य काढायला येतो, तिन्ही चाकांखाली ठेवायचे तीन काटे आहेत माझ्याकडे. रंग झाल्यावर परत काढायचं बरं का, रंगाने शेपूट जड होते आणि लोक विसरतात.

आडवावारा:

या. कोण उडवणार यावर तिथेच भांडू. काटे आणा, अंगठाही आणा.