मदत हवी आहे: अपूर्णांकांचा गेम करतोय, शिक्षक आणि प्रोग्रामरचा मेळ कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात आयटीत आहे. "बाई, मुलांसाठी अपूर्णांकांचा गेम करूया," असं तो दिवाळीत म्हणाला आणि आम्ही कामाला लागलो. तो नोकरी सांभाळून रात्री गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कोडिंग करतो, प्रश्न मी देते. पोरगा जीव तोडून काम करतोय. अडलंय ते वेगळंच.

पडद्यावर दोन अपूर्णांक येतात, मोठा कोणता ते दहा सेकंदांत दाबायचं. बरोबर आलं की चांदणी, चुकलं की लाल फुली आणि पुढचा प्रश्न. मागच्या आठवड्यात शाळेतल्या चार टॅबवर मुलांना दिला. असा गलका झाला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत! एका मुलीला २० पैकी १८ मिळाले. मी तिच्या वहीत १/३ आणि १/४ लिहून विचारलं, मोठा कोणता? तिने १/४ वर बोट ठेवलं. "चार मोठे ना, बाई."

मला धस्स झालं. प्रश्न पुन्हा काढून पाहिले, तर बहुतेक जोड्या समान छेदाच्या. तिथे नुसता मोठा आकडा दाबला तरी चांदणी मिळते. यादी माझीच होती.

आता मला वाटतं, मुलाने पडद्यावर स्वतः भाकरी मोडावी, तिघांत वाटावी, चौघांत वाटावी, आणि चुकलं तर दोन्ही वाटे एकावर एक ठेवून बघावेत. पण तो विचारतो, "बाई, मुलाला समजलं हे कोडने कशावरून ओळखायचं?" प्रश्न रास्त आहे. मी चार पानं अध्ययन निष्पत्ती (शिकल्यावर मुलाला काय यायला हवं ते) लिहून दिल्या, त्याला त्यातलं काहीच वापरता आलं नाही. शिक्षकाने नेमकं काय लिहून द्यायचं असतं? आणि टायमर काढावा का? तो म्हणतो, काढला तर मुलं कंटाळतील.

प्रतिसाद

बाई, दोन आठवडे कोडिंग थांबवा. पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापून हाच खेळ वर्गात खेळा आणि तुमच्या प्रोग्रामरला मागच्या बाकावर बसवा. मग दोघांनी मिळून तीन रकान्यांचा तक्ता करा: मुलाने काय केलं, त्यामागे त्याचा समज काय असेल, गेमने पुढे काय दाखवावं. हे त्याला थेट कोडमध्ये उतरवता येतं.

जोड्या अशा निवडा की चुकीच्या समजुतीने उत्तर चुकलंच पाहिजे: १/३ आणि १/४, ३/८ आणि १/२. पण सगळ्याच तशा नकोत, नाहीतर मुलं 'लहान छेद दाबा' ही नवी युक्ती शिकतील. मध्येच २/३ आणि ३/४ टाका.

गोडो ३ वर असाल तर ४ वर या. ३ मध्ये जोडाक्षरं फुटतात, 'किती'ची वेलांटी भलतीकडे जाते. ४ मध्ये देवनागरी नीट दिसते.

धागाकर्ती

वेलांटीचं अगदी हेच होतंय, आम्हाला वाटलं फॉन्ट खराब आहे! तो शनिवारी शाळेत येतोय, पुठ्ठे आजच आणते. टायमरबद्दल कुणाचा अनुभव असेल तर सांगा ना, त्यावरून आमचं अजून जुळलेलं नाही.