पूर, दरड, वीज, भूकंप: गावाकडच्या घरात तुम्ही काय तयारी ठेवता?

पावसाळा तोंडावर आला की सरकारी सूचना येतात, त्या यायलाच हव्यात. पण रात्री दोनला पाणी उंबऱ्याला लागतं तेव्हा घरात आधी काय ठरलेलं असतं, त्यावरच सगळं अवलंबून असतं. खेड्यात मदत पोचायला वेळ लागतो. रस्ता तुटतो, टॉवर बंद पडतो. पहिले काही तास घरचे आणि शेजारचेच एकमेकांना असतात. म्हणून ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. नुसतं काय झालं एवढंच नको. आता घरात काय बदललंय, तेही सांगा.

करवीर तालुका, दुधाचा धंदा

आमच्याकडं सगळं कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे, त्यावर चालतं. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 च्या ऑगस्टमध्ये अख्खं गाव पाण्यात होतं आणि माणसं अडकली ती बहुतेक जनावरांपायी. म्हशी सोडून कोण निघणार? बोट आली तरी म्हातारी माणसं गोठ्याकडं बघत बसायची.

त्यानंतर घरात ठरवून टाकलं. 39 फुटांची बातमी आली की म्हशी माळावर पाहुण्यांकडं जायच्या. ऊन असू दे, नदी लांब दिसू दे, त्यावर वाद घालायचा नाही. जनावरं हलली की माणसं आपोआप निघतात, हे मी छातीठोकपणे सांगतो. वाळली वैरण मे महिन्यातच माळावर नेऊन ठेवतो, कारण पुरात पैसे असले तरी वैरण मिळत नाही. गोठ्यात साखळी ठेवलेली नाही. दोराचं दावं, आणि खुंटीला एक धारदार विळा कायम अडकवलेला, अंधारातसुद्धा हात जाईल असा. घर सोडताना मेन स्विच बंद करायचा, गॅसचा रेग्युलेटर काढायचा आणि सिलिंडर माडीवर बांधून ठेवायचा. पाण्यावर तो तरंगत निघून जातो. म्हशींचे कानातल्या बिल्ल्यासकट फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, पंचनाम्याला लागतात.

चिपळूणजवळचं गाव

22 जुलै 2021. वाशिष्ठी नदीचं पाणी कसं चढलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. आम्हांला जास्त छळलं ते मोबाईल बंद पडल्यावर कुणाचाही नंबर तोंडपाठ नसण्याने. आता नंबर दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहिलेत: आपत्कालीन 112, रुग्णवाहिका 108, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, आणि खाली मुंबईच्या भावाचा. पूर आला की घरच्या प्रत्येकाने जमेल तिथून त्याला कळवायचं, म्हणजे कोण कुठे आहे ते एका जागी कळतं.

पाणी ओसरल्यावरचा चिखल वेगळाच शत्रू. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय त्यात उतरू नका आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नका, चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती असते. विहीर उपसून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडेपर्यंत तिचं पाणी प्यायचं नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या मागे लागा, आणि तोवर पाणी उकळूनच प्या.

आंबेगाव तालुका, शिक्षिका

माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023. तिन्ही ठिकाणी वस्ती दरडीखाली गेली. महिना तोच, डोंगरउतार तसाच, आणि त्याआधी कोसळणारा पाऊस.

मी मुलांना पाऊस मोजायला शिकवते. सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टी बुडवून पाणी मोजायचं. डब्याचं तोंड रुंद असो की अरुंद, पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. हवामान खात्याच्या मोजणीत 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर अत्यंत मुसळधार, म्हणजे आपल्या डब्यात साधारण वीतभर पाणी. मुलं घरी जाऊन आकडा सांगतात आणि घरची माणसं ऐकतात. एरवी आमचं कोण ऐकतं असं म्हणणाऱ्या मुलींचंही ऐकतात.

डोंगराकडे बघायची सवय हवी. उतारावर नवी भेग, झाडं किंवा विजेचे खांब कललेले, झऱ्याला अचानक गढूळ पाणी, भिंतीला तडा जाऊन दार चौकटीत अडकणं. यातलं काहीही दिसलं की त्या रात्री घरात झोपायचं नाही. उतारापासून लांबच्या शाळेत किंवा देवळात जायचं. काहीच झालं नाही तर सकाळी परत यायचं, त्यात कसला कमीपणा?

लातूर जिल्हा

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56 चा भूकंप. गणपती बोळवून लोक झोपले होते. माणसं मेली ती घरांखाली: दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. गळू नये म्हणून माळवदावर मातीचे थर चढत गेलेले, ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. जुनं घर असेल तर वरचं वजन कमी करा. नवं बांधताना दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग आरसीसी पट्टा घ्या. गवंडी नको म्हणाला तरी घ्या.

यवतमाळ जिल्हा, शेतकरी

पूर-दरड आमच्याकडे कमी, वीज मात्र दरवर्षी माणसं नेते. पेरणीच्या घाईत कोणी वावर सोडत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप मजूर बायांच्या फोनमध्येही टाकून दिलं आहे. नेट नसेल तर मोजायचं: वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली तर नाहीच नाही. घर जवळ नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही.

अजून एक, हे गावोगावी पोचायला पाहिजे. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला करंट बसत नाही. लोक भीतीने लांब उभे राहतात आणि त्यात वेळ जातो. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाब देत राहा, दुसऱ्याने तोवर 108 लावायचा. शेणात पुरणं वगैरे अजिबात करू नका.